भरा आणि झळका : पेण-रोहे परिसरातील होतकरू कलावंतांसाठी सुलभ मार्गदर्शिका

'तुझ्या चेहऱ्यात काहीतरी आहे' असं ज्यांना एकदा तरी कुणी सांगितलं आहे, अशा पेण-रोहे तालुक्यांतल्या तरुण-तरुणींसाठी ही मार्गदर्शिका आहे. सांगणारा मावशीचा दीर असला तरी चालेल. गणेशोत्सवात एकांकिका केली असेल, शाळेच्या स्नेहसंमेलनात अफजलखान झाला असाल, रील टाकून चारशे लाईक मिळाले असतील, तर तुमची पात्रता पूर्ण झाली. अभिनय येतो का, गाता येतं का, हे प्रश्न पुढे कुठेही विचारले जाणार नाहीत. त्यांच्या तयारीत वेळ घालवू नये. तयारी करायची ती एकाच गोष्टीची, पैसे भरण्याची.

धडा पहिला : जुने संस्कार पुसून टाकणे

आपल्याकडच्या मुलांचं मोठं नुकसान म्हणजे ती लहानपणापासून पैसा उलट्या बाजूने वाहताना बघतात. हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे, कुठल्याही गावात जा. गणपतीच्या कारखान्यात हंगामाला कारागीर धरायचा तर आधी मालकाचा हात खिशात जातो. माझ्या मामाचा हमरापूरला छोटा कारखाना होता. विसर्जन होऊन मांडव उतरतात न उतरतात तोच त्याची पुढच्या सालाची माणसं बांधायची घाई सुरू होई, कारण परदेशी जाणाऱ्या मूर्ती बोटीने जातात आणि त्यांना कितीतरी महिने आधी निघावं लागतं. साच्यातून मूर्ती काढणारा, घासकाम करणारा, अंगाला रंगाचा फवारा मारणारा, सगळ्यांना थोडीथोडी उचल. आणि आखणीवाला? तो तर कारखान्याचा जावई. पेणच्या गणपतीचं नाव आहे ते डोळ्यांच्या आखणीमुळे, हे मामालाही ठाऊक आणि आखणीवाल्यालाही. मामा त्याच्या घरी जायचा, मामीने दिलेले पोह्याचे पापड पुढे ठेवायचा आणि मग पाकीट काढायचा. आखणीवाला ते न मोजता उशीखाली सारायचा. न मोजता! माझ्या बालमनावर त्याचा फार वाईट परिणाम झाला. ज्याला काम करून हवं असतं त्याने आधी पैसे द्यायचे असतात, अशी माझी समजूत होऊन बसली.

बाकीचा महाराष्ट्रही असाच बिघडलेला आहे. नारायणगावला तमाशाच्या राहुट्या लागतात, गावोगावची माणसं जत्रेची सुपारी द्यायला तिथे येतात, आणि फडमालकाने आपल्या माणसांना हंगामाआधीच उचल दिलेली असते. बेंजो पार्टीला बयाणा, भजनीबुवांना नारळ आणि पाकीट, नाटकातल्या नटाला नाइट. फार कशाला, फाळक्यांना १९१३ सालच्या 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामती मिळेना, तेव्हा ग्रँट रोडच्या एका हॉटेलात दहा रुपये पगारावर असलेले अण्णा साळुंके त्यांना दिसले. फाळक्यांनी त्यांना पंधरा देऊ केले, असं सांगतात. आजचा एखादा कास्टिंगवाला तिथे असता तर त्याने साळुंक्यांकडूनच पंधरा घेतले असते, मिशा उतरवण्याचे वर वेगळे.

इथे मध्येच एक सांगून टाकतो. उचल म्हणजे सगळं गोडच, असं नाही. याच तालुक्यांतली कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात तीही उचल घेऊनच, आणि पावसाळा तोंडावर आला तरी ती फिटलेली नसते. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ साली झाला, भट्टीवरच्या वहीला तो अजून पुरता कळलेला नाही. मालकाच्या हातून आलेला पैसा गळ्यातही पडू शकतो. पण भट्टीवालासुद्धा मजुराला 'विटा थापायला मिळतील, आधी दोन हजार भर' असं म्हणत नाही. तो शोध लागायला कलाक्षेत्र उजाडावं लागलं.

धडा दुसरा : रक्कम ठरवणे

नवशिका पहिलं विचारतो, किती भरावेत? याचं उत्तर ठरलेलं आहे. वडिलांना न विचारता जेवढे भरता येतात तेवढे. म्हणूनच पहिली रक्कम ९९९ असते, १,४९९ असते, फार तर २,१००. धाटावच्या एमआयडीसीत ठेकेदाराच्या हाताखाली पाळ्या करणाऱ्या बापापर्यंत विषय गेला, तर तो पहिल्यांदा विचारतो 'कशासाठी?' आणि मग विचारतो 'कोणाला?' या दोन प्रश्नांना तोंड देऊन उभा राहिलेला कास्टिंगवाला माझ्या पाहण्यात नाही. त्यापेक्षा आईच्या तांदळाच्या डब्यातले, भिशीचे, जत्रेला राखलेले पैसे बरे. ते प्रश्न विचारत नाहीत.

छोट्या रकमेची दुसरी खुबी पुढे कळते. तक्रार करायची झाली तर रोह्याहून मुंबईला जायचं, एक खाडा पडणार, गाडीभाडं, वडापाव, दोन चहा. ९९९ रुपयांची फिर्याद बाराशेला पडते. शिवाय गावात बभ्रा. 'काय हिरो, कधी येतोय पिच्चर?' हा प्रश्न पारावर वर्षभर ऐकण्यापेक्षा माणूस ९९९ रुपयांवर पाणी सोडतो. ज्याने हे दर काढले त्याला माणसाच्या लाजेची किंमत रुपयापर्यंत कळलेली आहे. अभिनयाचं पारितोषिक द्यायचंच तर खरं त्याला द्यावं.

पहिली रक्कम हे नुसतं दार. दोन दिवसांत 'अभिनंदन, तुम्ही शॉर्टलिस्ट झालात' असा निरोप येतो आणि दुसरी रक्कम मागितली जाते. ती पहिलीच्या तिप्पट असते. आता ती भरायची कशाला, तर आधीची बुडू नये म्हणून. तिसरी भरायची ती पहिल्या दोन बुडू नयेत म्हणून. ही रक्कम नेहमी 'रिफंडेबल' असते. पेणकरांना या शब्दाचा अर्थ सांगायला नको. २०१० साली पेण अर्बन बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि स्वतःचाच पैसा परत मागण्यासाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढण्याचा अनुभव या गावाला आहे. रोहेकरांचीही नोटेशी जुनी ओळख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचं घराणं रोह्याचं. नोटेवर गव्हर्नर पैसे अदा करण्याचं वचन देतो आणि खाली सही करतो. कास्टिंगवाला वचनावर थांबतो.

धडा तिसरा : शुल्कांची नावं पाठ करणे

रजिस्ट्रेशन फी म्हणजे तुमचं नाव वहीत लिहिण्याचे पैसे. नाव तुमचं, वही त्यांची. पोर्टफोलिओ म्हणजे तुमचे फोटो, पण ते त्यांच्याच फोटोग्राफरकडून काढलेले असले पाहिजेत. पेणच्या फोटो स्टुडिओत काढलेल्या फोटोत 'लूक' येत नाही. ग्रूमिंग वर्कशॉपमध्ये दोन दिवस चालायला शिकवतात. ज्या मुलाने जन्मभर खाजणाच्या बांधावरून तोल सांभाळत चालण्यात काढला, त्यालाही ते पुन्हा शिकावं लागतं. कॉस्च्युम डिपॉझिट हे त्या कपड्यांचं, जे तुम्ही कधी घालणार नाही. कराराच्या स्टॅम्पपेपरचे पैसे वेगळे, करार मात्र दिसत नाही. कोविडनंतर मेडिकल टेस्ट आली, आणि अलीकडे या सगळ्यावर अठरा टक्के जीएसटीही लावतात. जीएसटी नंबर विचारला की फोनची रेंज जाते.

'कार्ड' नावाचा एक प्रकार आहे, तो जरा नीट समजून घ्या. सिनेमा-मालिकांतल्या कलाकारांच्या आणि कामगारांच्या संघटना खरोखरच आहेत, त्यांची वर्गणी असते आणि वर्गणीची पावती मिळते. त्यात काही वावगं नाही. गडबड होते ती तिसराच माणूस 'कार्ड काढून देतो, कार्ड असलं की काम नक्की' म्हणून संघटनेच्या वर्गणीवर आपले चार पैसे चढवतो तेव्हा. कार्डाने तुम्ही सभासद होता. काम त्याने मिळत नाही, ते नंतर ऑडिशन देऊनच मिळवावं लागतं. तसंच शिकण्याचं. चांगल्या गुरूकडे फी भरून शिकणं यात कमीपणा काही नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात तर शिकणाऱ्याला उलट दरमहा शिष्यवृत्ती मिळते. पण शिकवणी म्हणजे शिकवणी आणि नोकरी म्हणजे नोकरी. शिकवणीचे पैसे घेताना नोकरीचं गाजर जो दाखवतो, त्याच्याकडे बहुधा दोन्ही नसतात.

हा परिच्छेद चुकून फारच सरळ लिहिला गेला. मार्गदर्शिकेच्या पुढच्या आवृत्तीत गाळू.

धडा चौथा : पावती

मागू नये. कलावंताला शोभत नाही.

धडा पाचवा : प्रात्यक्षिक

लेखकाने हा सगळा अभ्यासक्रम स्वतः पुरा केलेला आहे, म्हणूनच तो हे लिहायला बसला. साल २००१. 'नवीन चेहरे पाहिजेत, अनुभवाची अट नाही' अशी दोन ओळींची जाहिरात वर्तमानपत्रात होती. त्या वेळी मी मामाच्या कारखान्यात घासकाम करत होतो. पॉलिशपेपरने गणपतीची सोंड आणि पोट गुळगुळीत करायचं काम. केस, भुवया, पापण्या, सगळं पांढरं. आरशात बघितलं की मला वाटायचं, म्हातारपणीची भूमिका तर आत्ताच जमेल.

पेणहून एसटीने पनवेल, तिथून लोकलने अंधेरीकडे. तिसऱ्या मजल्यावर एक खोली, पंखा, मोठमोठ्या नटांबरोबर काढलेले साहेबांचे फोटो. फोटोत साहेब नेहमी उजव्या कडेला आणि नट दुसरीकडेच बघतोय. माझ्या पुढे अकरा जण होते. कोणी चिपळूणचा, कोणी साताऱ्याचा, एक मुलगी आईला घेऊन आलेली. साहेबांनी मला फक्त डावीकडे वळून दाखवायला सांगितलं. वळलो. 'अरे वा,' ते म्हणाले. या दोन शब्दांचे साडेतीन हजार पडले. एका कोटाचंही भाडं भरलं आणि तो घालून, हनुवटीवर मूठ ठेवून, बारा फोटो निघाले. कोट पाठीमागे चिमटे लावून आवळलेला होता. फोटोत ते दिसत नाही.

'पंधरा दिवसांत कळवतो' म्हणाले. दोन महिन्यांनी मी परत गेलो तर त्या खोलीत कुरिअरचं ऑफिस होतं. माणसं मात्र जिन्यावर अजून येतच होती, हातात लिफाफे घेऊन, आणि कुरिअरवाला प्रत्येकाला तेच उत्तर देत होता. रडगाणं कशाला गाऊ? त्या बारा फोटोंपैकी एक पुढे स्थळं बघताना उपयोगी पडला. बायको अजून म्हणते, फोटोतला माणूस कुठे गेला?

मामाला मी सांगितलं नव्हतं, पण मामीने सांगितलं. त्याने हातातला ब्रश पाण्यात बुडवून ठेवला आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आरं, काम पन तूच करनार, आन पैसं पन तूच देनार? मंग तो काय करनार?"

या प्रश्नाचं उत्तर लेखकाला अजून सापडलेलं नाही. विद्यार्थ्यांनी सोडून द्यावा.

धडा सहावा : आता सगळं घरबसल्या

आमच्या वेळी निदान अंधेरीचा जिना चढावा लागे. आता दिवा-रोहा गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली की जिते ते कासूच्या दरम्यान ऑडिशन आटोपते. इन्स्टाग्रामवर जाहिरात दिसते, तिच्यावर एखाद्या मोठ्या वाहिनीचं बोधचिन्ह, फॉर्म, फोटो, 'फक्त सात जागा उरल्या', आणि खाली स्कॅनर. आपण ऑडिशनचे पैसे घेत नाही, असं वाहिन्या आणि निर्मितीसंस्था वेळोवेळी सांगत असतात. त्यांचं बोलणं कानाआड करावं. त्यांना काय कळतंय?

व्हॉट्सअ‍ॅपचा एक ग्रुप असतो, दीडशे-दोनशे जणांचा. त्यात रोज कोणीतरी लिहितं, 'सर, माझं सिलेक्शन झालं, थँक यू सर.' त्या माणसाच्या डीपीवर फूल किंवा शिवाजी महाराज असतात, चेहरा नसतो. तुम्ही एखादी शंका विचारलीत तर दोन मिनिटांत ग्रुपबाहेर. 'निगेटिव्ह माणसं इंडस्ट्रीत टिकत नाहीत' हे वाक्य त्यानंतर येतं म्हणे. मी ते वाचायला ग्रुपमध्ये नव्हतो.

नेहमी 'आज शेवटची तारीख' असते. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचं काम २०११ला सुरू झालं. तेव्हापासून इतक्या शेवटच्या तारखा पाहिलेल्या माणसांना या एका तारखेची एवढी धास्ती का वाटावी, हे मात्र कोडंच आहे.

धडा सातवा : काय वाचू नये

उमेद खचवणारं बरंच साहित्य बाजारात आहे, त्यापासून जपावं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९९७चा १८१ क्रमांकाचा करार उघडू नये. खासगी रोजगार संस्थांनी कामगाराकडून थेट किंवा आडवाटेने, पूर्ण किंवा थोडीही फी घेऊ नये, असं त्याच्या सातव्या कलमात लिहून ठेवलंय. सुदैवाने भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. कॅलिफोर्नियात, म्हणजे प्रत्यक्ष हॉलीवूडच्या अंगणात, काम मिळवून देण्याच्या नावावर कलावंताकडून आगाऊ पैसे घेण्याला बंदी घालणारा कायदा २००९ साली झाला. तिथली मुलं बिचारी पोर्टफोलिओला मुकली. आपल्याकडचा १९८१चा सिने-कामगार कायदाही लेखी करार हवाच म्हणायचा. पैसे घेऊन काम न देणं ही फसवणूकच, पूर्वी दंडसंहितेचं कलम ४२० लागायचं, आता भारतीय न्याय संहितेचं ३१८ आहे. चारशेवीस हा आकडा गेल्याचं मला मनापासून वाईट वाटतं. 'तो एक नंबरचा तीनशे अठरा आहे' यात मजा नाही.

आणि १९३० हा क्रमांक मोबाईलमध्ये मुळीच साठवू नये. ऑनलाइन फसवणुकीची तक्रार तिथे घेतात, आणि लगेच, म्हणजे पैसे पुढच्या खात्यात पळण्याआधी फोन केला तर ते गोठवताही येतात. रोह्याहून मुंबईला जायला लागत नाही, खाडा पडत नाही, वडापावही वाचतो. म्हणजे दुसऱ्या धड्यातलं सगळं गणितच कोसळतं.

पुरवणी : कवींसाठी

कवींनी नाराज होऊ नये, त्यांचीही सोय आहे. 'प्रातिनिधिक काव्यसंग्रह' निघतो, दोन कवितांना एवढे रुपये, वर पाच प्रती घ्यायच्याच. 'राज्यस्तरीय' पुरस्कार असतात, प्रवेशशुल्क भरलेल्या सगळ्यांना मिळतात, आणि शाल, श्रीफळ, सन्मानचिन्हाचा खर्च त्यातूनच निघतो. माझ्या परिचयाच्या एका निवृत्त शिक्षकांच्या घरी अशी तेवीस सन्मानचिन्हं आहेत. मी त्यांना विचारलं, गुरुजी, एवढा खर्च? ते म्हणाले, "अरे, निदान हे लोक वस्तू तरी देतात." मला पटलं.

अंतिम परीक्षा

यंदा ज्येष्ठात रोह्याहून माझा भाचा आला. बारावी झालेला, देखणा, आवाजही चांगला. तीन ठिकाणी रजिस्ट्रेशन केलेलं, एका ठिकाणी कॉस्च्युमसुद्धा भरलेला. आईला यातलं अर्धंच माहीत. तो काहीच बोलेना, म्हणून त्याला घेऊन हमरापूरला गेलो. मामा आता थकला, कारखाना मामेभाऊ बघतो. हंगाम ऐन भरात, कच्च्या मूर्ती वाळत घातलेल्या, पाय ठेवायला जागा नाही. शाडू, पीओपी, कोर्टाचा निकाल, कोणत्या गणपतीला कुठलं विसर्जन चालेल, अशी त्याची एकीकडे फोनवर हुज्जत चाललेली. बोलता बोलताच त्याने भाच्याच्या हातात बारीक ब्रश दिला आणि पाटावर उंदीर मांडले. आमच्या कारखान्यात नवा माणूस आधी उंदराचे डोळे करतो. बिघडले तर देवाचं काही जात नाही.

पहिले सहा उंदीर चकणे झाले. सातवा बघत होता. दहाव्यानंतर मामेभावाने फोन कानापासून जरा लांब धरला, उंदीर उचलून उजेडात फिरवून पाहिला आणि गल्ल्यातून पाचशेची नोट काढून भाच्यासमोर धरली. "उद्यापासनं ये. ही राहू दे."

भाचा नोटेकडे बघतच राहिला. मग त्याने हातातला ब्रश हळूच खाली ठेवला, खिशातून मोबाईल काढला आणि विचारलं,

"दादा, स्कॅनर कुठाय?"